माळाचं देणं

सातारा जिल्ह्याच्या नकाशात डावीकडे महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उजवीकडे माण तालुका आहे. तिथं ५०० मिलिमीटर झाला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. महाबळेश्वर ते दहिवडी हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटर भरत नाही. तिसरीच्या मुलांना आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. त्यात हे आकडे येतात आणि मुलं ते पाठ करतात. मीही पाठच करून घेत होते. हेच आकडे घराच्या छपरात, अंगावरच्या पांघरुणात, देवाच्या यात्रेत आणि बापाच्या पोटापाण्यात कसे उतरतात, हे मला माणमधल्या एका द्विशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखवलं. सगळी वाडी त्यांना गुरुजी म्हणायची. मीही तेच म्हणते. शिक्षिका म्हणून माझ्याजवळ जे थोडंफार आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे, आणि ते जिवंत असताना हे त्यांना सांगायचं मला सुचलं नाही.

माझं माहेर महाड तालुक्यातलं. माझा जन्म झाला तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड नंतर झालं. भाताची खाचरं, जांभ्याच्या भिंती, उतरती कौलं आणि चार महिने न वाळणारे कपडे, एवढं माझं जग. डी.एड. झाले, लग्न झालं. यजमान एस.टी.त होते, त्यांना दहिवडी आगार मिळालं आणि पुढे मला जिल्हा परिषदेची शाळा मिळाली ती तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका वाडीवर. एस.टी. फाट्यावर सोडायची, पुढे चालत. फाट्यावर पहिल्यांदा उतरले तेव्हा चहूबाजूंनी माळ. कुसळी गवत, तरवडाची झुडपं, मधूनच एखादी बोर नाहीतर बाभळ. इथल्या मुलांना 'परिसर' म्हणून दाखवायचं तरी काय, असं मला वाटलं आणि तरुणपणाच्या फटकळपणात मी ते बोलूनही गेले. गुरुजींना राग आला असेल, पण त्यांनी दाखवला नाही. "बगू की," एवढंच म्हणाले आणि हजेरीपट माझ्यापुढे सरकवला.

जून उजाडला तसा मी माहेरच्या सवयीनं छत्री काढली. मुलं हसायची. जून गेला, जुलै गेला. आभाळ रोज भरून यायचं, वारा सुटायचा आणि ढग पूर्वेकडे निघून जायचे. घटक चाचणीत मी विचारलं होतं, आपल्याकडे जास्त पाऊस केव्हा पडतो? उत्तर जुलै, असं मी धरून चालले होते. निम्म्या वर्गानं लिहिलं, 'दसऱ्याच्या आधी'. एका पोरानं तर 'उत्तरा आणि हस्त' अशी नक्षत्रंच लिहिली. गुरुजींनी पेपर चाळले आणि म्हणाले, "बाई, ह्यास्नी गुण द्या. पोरं बगून लिवत्यात."

मग त्यांनी मलाच धडा दिला. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर चढताना पाणी टाकून मोकळा होतो, हे मी पाठ केलेलं होतंच. पण त्या मोकळ्या झालेल्या वाऱ्याखाली राहणारी माणसं जूनच्या पावसावर विसंबत नाहीत, त्यांची मदार परतीच्या पावसावर असते, ज्वारीची पेरणी त्याच्या ओलीवर होते आणि म्हणून इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी महिने कमी आणि नक्षत्रं जास्त असतात, ही पुढची साखळी माझ्या पुस्तकात नव्हती. ती वर्गातल्या नऊ वर्षांच्या पोरांना ठाऊक होती.

शाळेच्या आवारात गुरुजींनी डालड्याचा एक रिकामा डबा दगडांच्या बेचक्यात उभा करून ठेवला होता. पाऊस झाला की चौथीतला एक पोरगा त्यात लाकडी फूटपट्टी बुडवायचा आणि वहीत आकडा लिहायचा. पाऊस झाला नाही तरी लिहायचा. त्या वहीची पानंच्या पानं शून्यांनी भरलेली होती. "रोज शून्य लिहून काय मिळतं?" मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "शून्य बी मोजूनच लिवायचं असतंय बाई. न्हाईतर पाऊस आला न्हाई का आपुन बगितलंच न्हाई, हे कसं कळायचं?"

मी गंमत म्हणून महाडला भावाला पत्र टाकलं की तूही अंगणात तसाच डबा ठेव. त्याचं पोस्टकार्ड आलं: रात्री ठेवला, सकाळी अर्ध्यावर. मी ते वर्गात वाचून दाखवलं. वर्ग गप्प. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, तुमच्या भावानं घागर वतली असंल." गुरुजी इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण त्यांनी ते कार्ड भिंतीवर चिकटवलं आणि शेजारी आमच्या वहीतलं त्याच आठवड्याचं पान. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ: 'एवढा पाऊस पडतो तिथं घर कसं असेल?' उत्तर कुणी द्यायचं नव्हतं, चित्र काढायचं होतं. चित्रं आली ती सगळी सपाट छपरांची. मुलांनी दुसरं छप्पर पाहिलेलंच नव्हतं.

वाडीतली बहुतेक घरं तेव्हा धाब्याची होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर आडवी किलचणं, त्यावर पाला आणि वर मातीचे थर. उजेडाला आणि चुलीच्या धुराला छतात एक साणं. एका उन्हाळ्यात शाळेशेजारच्या घराचं धाबं शाकारायला काढलं होतं, तेव्हा गुरुजी अख्खा वर्ग तिथं घेऊन गेले. घरमालकाला म्हणाले, "पोरास्नी थर मोजू द्या." मुलं शिडीवरून एकेक वर गेली. वरच्या थराला ओढ्याकाठची माती का चालत नाही, गावठाणातली पांढरीच का लागते, हे त्या माणसानं हातात ढेकळं घेऊन दाखवलं. एका ढेकळावर पाणी ओतलं ते लगेच शोषलं गेलं. दुसऱ्यावर ओतलं तर माती फुगून चिकट झाली आणि पाणी वरच थांबलं. मुलांच्या आधी मी वाकून पाहिलं. माझ्या माहेरी हे छप्पर आषाढातल्या एका आठवड्यात खाली आलं असतं. इथं ते पिढ्यान्‌पिढ्या उभं होतं, उन्हाळ्यात आत गारवा देत होतं, आणि कडधान्य वाळवायला, रात्री निजायला वर ऐसपैस जागा. तोवर मला ती घरं गरिबीची खूण वाटत होती.

एवढ्यानं माझे डोळे पुरते उघडले असं मात्र म्हणता येत नाही. ते उघडले एका मुलीमुळे.

तिसरीत धनगराची एक मुलगी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. मी हजेरीपटावर रोज गैरहजेरीची फुली मारत होते. घरच्यांना शाळेची किंमत नाही असा माझा ग्रह झाला आणि मी तो गुरुजींना ऐकवला. ते म्हणाले, "वाडा गेलाय खाली. मिरगाच्या आधी येत्यात." वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या, कुत्री, लेकरंबाळं यांच्यासकट फिरणारी चार-पाच बिऱ्हाडं, हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, खाली म्हणजे कुठे? "तुमच्याकडंच की. कोकणात."

मला लहानपण आठवलं. भातकापणी झाली की घाटावरून धनगर उतरायचे. आमच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं असायचं. चार-सहा रात्री मेंढरं आमच्या खाचरात बसायची. लेंडीखताचं शेत व्हायचं आणि मोबदल्यात वडील भात मापून घालायचे. रात्री शेतातून जाळ दिसायचा, घंटा वाजायच्या. आम्हा पोरांना दटावलेलं असायचं, झोपली नाहीस तर धनगर झोळीत घालून नेईल. मी ते खरं मानलं होतं. ही माणसं येतात कुठून, उन्हाळ्याच्या शेवटी जातात कुठे, हे मी कधी विचारलं नाही आणि घरात कुणी सांगितलं नाही. आता मी त्यांच्याच वाडीवर पगार घेत होते आणि त्यांच्या मुलीच्या नावापुढे फुल्या मारत होते.

ती मुलगी मृगाच्या तोंडावर परत आली. उन्हानं काळवंडलेली, केस पिंगट. मी तिला गेल्या पाच महिन्यांचं पाठ्यपुस्तक कसं भरून काढायचं याचा विचार करत होते. गुरुजींनी तिला पुढे बोलावलं, खडू हातात दिला आणि म्हणाले, "कुठनं कुठनं गेलतीस ते काड." तिनं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक टिंब काढलं आणि डावीकडे जायला लागली. प्रत्येक मुक्कामाला एक रेघ. मुक्कामांची नावं ती गावांवरून सांगत नव्हती. पाण्यावरून सांगत होती: अमक्या ओढ्यावर, तमक्या तळ्यावर, मग भोर, मग वरंधा घाट. घाट तिनं नागमोडी काढला आणि म्हणाली, "हितं घोडं घसारतं." त्यापुढं तिला फळा कमी पडला, म्हणून ती भिंतीवर गेली. गुरुजींनी अडवलं नाही.

मग मुलांनी प्रश्न विचारले. तिथं गवत केवढं? कोरडं, पण माणसाएवढं. माती कशी? तांबडी. घरं कशी? "डोंगरावानी, दोन्हीकडनं उतरती." वर्गानं माझ्याकडे पाहिलं. भावाच्या पोस्टकार्डाखालचा प्रश्न अजून भिंतीवर होता आणि त्याचं उत्तर मी द्यायच्या आधी तिनं दिलं.

शेवटी मी विचारलं, "तिथं एवढं गवत, एवढं पाणी, तर पावसाळ्यात तिथंच का राहत नाही?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की एवढंही कळत नाही का. "पावसात मेंढराचं पाय कुजत्यात बाई. त्यास्नी हितलाच पाऊस सोसतोय."

माळावर पाऊस नाही म्हणून इथं काही नाही, असं मी आल्यापासून धरून चालले होते. तो कमी आहे म्हणूनच इथं मेंढरू आहे. मेंढरू आहे म्हणून लोकर आहे, लोकर आहे म्हणून चिंचोक्याच्या खळीत सूत बुडवून घोंगडी विणणारे सणगर आहेत, बिरोबाची ठाणी आहेत, गजी नृत्य आहे, आणि माझ्या वडिलांच्या भाताला खत आहे. तिचं घोंगडं त्या दिवशी तिच्या खांद्यावरच होतं. गुरुजींनी त्याच्यावर हातानं पाणी शिंपडलं. थेंब लोकरीच्या टोकांवर तसेच उभे राहिले. तिनं घोंगडं झटकलं आणि ते पुढच्या रांगेतल्या पोरांच्या अंगावर उडाले.

तेव्हापासून हजेरीपटावर फुली मारताना माझा हात अडायला लागला. फुली मारावी लागायचीच, नियम होता, आणि पाच महिने शाळा बुडण्यातलं नुकसान गुरुजींनीही कधी झाकलं नाही. त्या मुलीला बेरजा-वजाबाक्या शिकवायला ते शाळा सुटल्यावर थांबायचे. भटकंती हीच मोठी शाळा, असलं गोडगोड त्यांना आवडायचं नाही. फक्त तिला जे येत होतं ते वर्गाच्या उपयोगी पडावं, एवढी त्यांची धडपड होती.

त्यानंतर सगळ्याच गोष्टींचं कारण पावसात शोधायची मला खोड लागली. नवं हत्यार हातात आलं की माणूस सगळीकडे चालवून बघतो, तसं. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा असते. शंभू महादेवाला दूरदूरच्या कावडी येतात. सासवडची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन येते आणि द्वादशीला मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून, माणसांची साखळी करून, वर चढवतात. मी वर्गात सांगून टाकलं: इथं पाणी नाही, म्हणून देवाला लांबून पाणी आणतात. गुरुजी दारात उभे होते. मधल्या सुट्टीत म्हणाले, "बाई, वर मालोजीराजांनी बांधल्यालं तळं हाय. पाणी हाय की तितं. मंग कऱ्हंचं कशाला?" मला उत्तर देता येईना. "आनि कोल्हापूरकडं पानी कमी हाय का? तितं बी जोतिबा डोंगरावर, तितं बी चैत्रात यात्रा, तितं बी काठ्या नाचवत लांबनं माणसं येत्यात."

ते तिथंच थांबले. पुढचं मला स्वतः जुळवायला लागलं. चैत्रात सुगी आवरलेली असते, पेरणीला अवकाश असतो, माणसं मोकळी असतात. इथवर जमीन आणि हवामान. पण त्या मोकळ्या दिवसांत काय करायचं हे माणसं ठरवतात. सासवडच्या लोकांना आपल्या नदीचं पाणी आपल्या खांद्यावरून त्या घाटानं न्यायचं असतं. त्यातून सासवडचं शिखराशी नातं होतं. ते नातं पावसाच्या तक्त्यात सापडत नाही. मुलांना शिकवताना मी दोन्ही सांगायला लागले, आणि जिथं जोडता येत नाही तिथं जोडायचं नाही, असं स्वतःला बजावत राहिले. हे बंधन पाळणं मला अजून जड जातं.

गलाईवाल्यांचं उदाहरण तर त्यांनी मुद्दाम माझ्यासाठी राखून ठेवलं होतं की काय, कोण जाणे. वर्गात एक मुलगा यात्रेच्या सुमारास महिनाभर यायचा आणि परत जायचा. त्याचे वडील तमिळनाडूत सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. विटा, खानापूर, आटपाडी आणि आमच्याकडच्या कितीतरी गावांतली माणसं या धंद्यात देशभर पसरली आहेत. सराफ बाजारातला कचरा, राख, जुने दागिने गाळून शुद्ध धातू काढायचा. या गावांत ना सोन्याची खाण, ना चांदीची. मी लगेच म्हटलं, दुष्काळानं बाहेर काढलं. गुरुजींनी मान हलवली, पण लगेच शेजारच्या गावाचं नाव घेतलं. तिथली माणसंही दुष्काळानंच बाहेर पडली, पण ती मुंबईला माथाडी कामात आणि गिरण्यांत गेली. पाऊस दोन्हीकडे सारखाच. कोण आधी गेला, त्यानं मेव्हण्याला नेलं की पुतण्याला, कुणाला हाताशी धरलं, यावर गावाची वाट ठरली. मग त्यांनी मुलांना घरी विचारून यायला सांगितलं: आपल्या घरातून सगळ्यात आधी बाहेर कोण गेलं, कशानं गेलं, कुणाच्या ओळखीनं?

उत्तरं आली त्यात बहात्तरचा दुष्काळ सगळीकडे होता. खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, हे आज्यांनी सांगितलेलं मुलांनी जसंच्या तसं लिहून आणलं. एका आजीनं नातीबरोबर निरोप पाठवला: बाईंना म्हणावं, लिहून घ्यायचं असेल तर घरी या, ही नीट सांगायची नाही. मी गेले. तिनं सांगितलं ते पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं होतं आणि नव्हतंही. फाट्यापासून आमच्या शाळेकडे येणारा तो रस्ता, ज्याच्या धुळीला मी रोज नावं ठेवायची, त्याची खडी तिनं फोडलेली होती, मांडीवर लेकरू घेऊन. ते लेकरू म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलीचा बाप.

त्याच सुमारास गुरुजींनी मला 'बनगरवाडी' वाचायला दिली. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, म्हणजे आमच्या शेजारचे. १९५५ सालच्या या कादंबरीतला तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो. मी ती डी.एड.ला असताना परीक्षेपुरती वाचली होती. आता वाचताना वेगळीच वाटली. परत देताना मी त्यांना तसं म्हटलं. "तुमी आता हितं ऱ्हाताय म्हनून," ते म्हणाले. त्यांचं कौतुक एवढंच असायचं.

पुढे यजमानांच्या बदलीपाठोपाठ मी जिल्ह्याच्या पश्चिमेला, कोयना खोऱ्यात गेले. तिथं पावसाची कमतरता नव्हती. तिथल्या मुलांचं गावच पाण्याखाली होतं. शिवसागर जलाशयात जुन्या वस्त्या बुडाल्या, काही माणसं दूरच्या जिल्ह्यांत गेली, काही वर डोंगराच्या कुशीत सरकली. 'आपल्या गावाचा नकाशा काढा' या स्वाध्यायाला मुलांनी विचारलं, "कुठल्या गावाचा बाई, वरच्या की खालच्या?" गुरुजींना मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर कार्डावर चार ओळींचं: म्हाताऱ्यांना विचारा, खालच्या गावाचा काढा, मग वरच्याचा, आणि दोन्हींत काय काय सारखं राहिलं ते पोरांना शोधू द्या. आम्ही तसं केलं. देऊळ वर आलं होतं, होळीचा माळ वर आला होता, आळ्यांची नावं वर आली होती. भाताची खाचरं आली नव्हती. हे सगळं मुलांनी काढलं. मला फक्त कागद चिकटवायचं काम होतं. ते कागद गुरुजींना दाखवायला न्यायचे असं ठरवत राहिले. मी तिकडे असतानाच ते गेले.

नोकरीच्या अखेरीला मी पुन्हा माणमध्ये आले. तालुका ओळखू येत नव्हता. काही भागात उरमोडीचं पाणी कालव्यानं पोचलं होतं. डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. पाणलोटाच्या कामाला गावंच्या गावं फावडी घेऊन उतरली होती. २०१८च्या वॉटर कप स्पर्धेत आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला. धाब्याची घरं पडून स्लॅबची झाली होती. माझ्या वर्गातल्या मुलांना किलचणं माहीत नव्हती आणि मी ती त्यांना 'आपली संस्कृती' म्हणून पाठ करायला लावली असती तर गुरुजींनी मला माफ केलं नसतं. मी त्यांची जुनी रीत धरली. मुलांना म्हटलं, तुमच्या घराच्या छपरावर काय काय आहे ते बघून लिहा. पाण्याची टाकी, डिश, सोलरचा पत्रा, वाळत घातलेली मटकी. मग प्रत्येकापुढे लिहायचं, हे कुठून आलं आणि इथंच का. मटकीपाशी वर्ग बराच वेळ रेंगाळला.

एका बाबतीत मात्र माझं गुरुजींशी पटलं नाही आणि अजून पटत नाही. त्यांचा नेम होता, आधी आपली वाडी, मग तालुका, मग जिल्हा, मग बाकीचं जग. पुस्तकांचा क्रमही तोच, तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र. मला वाटतं, मुलाला आपलं गाव दिसायला आधी दुसरं गाव दिसावं लागतं. महाडमध्ये वाढून मला महाड दिसलं नव्हतं, ते माणमध्ये दिसलं. म्हणून मी वर्गात माहेरचं इरलं आणून ठेवत असे. बांबूच्या काड्या आणि पानांचं ते पाठीवर घ्यायचं छप्पर पाहून मुलं तर्क करायची: सूप असेल, पाळणा असेल, कोंबड्यांचं खुराडं असेल. पावसात पाठीवर घेऊन वाकून भात लावतात, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: मग आमच्याकडे घोंगडं का? तिथून आम्ही माणवर यायचो. हे मी गुरुजींना एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुमी बाहेरनं आला म्हनून तुमास्नी तसं वाटतंय. ह्या पोरानं हितनं सुरवात केली तर त्येचं काय बिघडंल?" मी उत्तर शोधत होते तोवर घंटा झाली.

आता निवृत्त झाले. दिवाळीनंतर माहेरी जाते. धनगर अजून उतरतात, पण कमी. खाचरं पडीक आहेत, मुंबईला गेलेल्यांच्या शेतात कुंपणं आली, आणि वाड्याचं सामान काही ठिकाणी घोड्याऐवजी टेंपोतून जातं. गेल्या खेपेला भावाच्या शेतात वाडा बसला होता. मी तिथं जाऊन गाव विचारलं. बाई म्हणाली, मानातल्या. मी दहिवडी, गोंदवलं, म्हसवड अशी एकेक नावं घेत गेले, तशी तिनं चुलीवरची भाकरी उलटून माझ्या हातात दिली आणि कोकणातल्या बाईला हे कुठलं ठाऊक म्हणून विचारलं. मी शाळेचं नाव सांगितलं, गुरुजींचं सांगितलं. गुरुजी तिच्या नवऱ्याला शिकवायला होते. निघायच्या दिवशी भाऊ भात मापत होता, त्याला मी म्हटलं, ठरलंय त्यावर एक पायली घाल. त्यानं घातली. शेजारच्या बांधावरचे काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या खाचरात वाडा पुढच्या आठवड्यात बसणार होता आणि मी भाव चढवून ठेवला, असं त्यांचं म्हणणं.